पंखा नसलेलें यंत्र

कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांत ज्याचें बालपण गेलें, त्यास उष्णता म्हणजे काय हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. समुद्र फार दूर नाहीं, परंतु त्याचा वारा आमच्यापर्यंत येतां येतां दमून जातो. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. आणि मध्यें आम्ही, झांकण घातलेल्या भाताच्या टोपासारखे. चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हां माथेरानास निघालेले पाहुणे नेरळ स्टेशनांत उतरतांच घाम पुसूं लागतात आणि आम्हां स्थानिकांकडे कींव आल्यासारखें पाहतात. आम्हांस त्याचें फारसें कांहीं वाटत नाहीं. माणूस सांवलींत बसतो, माठांतलें पाणी पितो, दुपारचें काम सायंकाळवर ढकलतो. परंतु ज्या वस्तूंना सांवलींत जाऊन बसतां येत नाहीं आणि ज्यांना घामहि येत नाहीं, त्यांनीं ह्या दिवसांत काय करावें? ह्या प्रश्नाचा विचार दोन वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत मला फार करावा लागला, आणि तोहि लॅपटॉपवरील एका खेळापायीं.

खेळ हा शब्द वाचून पालकवर्गापैकीं कांहींनीं पान उलटण्यासाठीं बोट ओलें केलें असेल. त्यांनीं क्षणभर थांबावें अशी विनंती आहे. मुलांनीं किती वेळ खेळावें हा वाद येथें काढावयाचा नाहीं. तो आमच्या घरीं पुरेसा होतो.

माझा धाकटा भाऊ त्या वेळीं सातवींत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस दहिवलीहून घरीं येतांना तो सायकलवरून पडला आणि त्याच्या उजव्या मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया होऊन तो घरीं आला. परंतु साडेतीन महिने त्या पायावर भार द्यावयाचा नाहीं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. एके जागीं घटकाभर न ठरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलास इतके दिवस खाटेवर ठेवणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं असा मुलगा आहे तेच जाणतील. त्यांतून दुर्दैव असें कीं, पुढच्याच रविवारीं त्याच्या वर्गांतील मुलें कोथळीगडावर जावयाचीं होतीं, आणि त्या सहलीचा बेत ह्यानेंच महिनाभर खपून जमविलेला होता.

कोथळीगड ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितें. कर्जतहून कशेळ्यावरून आंबिवलीस जावें, तेथून डोंगर चढून पेठ नांवाच्या वाडींत पोंचावें. म्हणूनच आमच्याकडे ह्यास पेठचा किल्ला म्हणतात. वाडीच्या माथ्यावर उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा एक सुळका उभा दिसतो. त्याच्या पायथ्याशीं कोरीव खांबांची गुहा आहे, आणि गंमत ही कीं, सुळक्यावर जावयाचा जिना बाहेरून नसून सुळक्याच्या पोटांतून, अखंड खडकांत खोदून काढिलेला आहे. हा जिना पाहण्यासाठींच माझ्या भावाचा जीव टांगलेला होता.

सहल त्याच्यावांचून झाली. सोमवारीं संध्याकाळीं चौघे मित्र आले, आणि मोबाइलवर काढिलेलीं शंभरावर छायाचित्रें त्यास दाखवूं लागले. तीं पाहतांना त्याचा चेहरा कसा झाला तें मी येथें लिहीत नाहीं. इतक्यांत त्यांच्यापैकीं एकानें सुचविलें, "आपण गडच बांधूं या कीं!" बांधावयाचा तो माइनक्राफ्टमध्यें. हा खेळ २००९ सालीं एका स्वीडिश गृहस्थानें प्रथम लोकांपुढें आणिला व २०११ सालीं तो पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. त्यांत शत्रूस मारणें हें दुय्यम आहे. सारें जग एकेक मीटरच्या घनाकृति ठोकळ्यांचें बनलेलें असतें, आणि ते ठोकळे फोडून व रचून हवें तें उभारतां येतें. छायाचित्रांवरून सुळक्याची उंची-रुंदी ठरवावयाची, गुहेचे खांब मोजावयाचे, आणि शेवटीं पोटांतला जिना खोदावयाचा, असा त्यांचा बेत ठरला. हा बेत ऐकून आजीनेंसुद्धां विचारलें, "मग भैरोबाचं देऊळ पण करणार ना रे?"

घरांत यंत्र एकच. तेंहि खेळासाठीं आणलेलें नव्हे. आई दोन बचत गटांचे हिशेब त्यावर ठेवते, आणि माझा अभ्यासहि त्यावरच चालतो. वहीइतकें पातळ, वजनास सव्वा किलोच्या आंत, आणि आवाज मुळींच नाहीं. कारण त्याच्या पोटांत पंखाच नाहीं. आजी त्यास 'मुकं' म्हणते. भावाच्या मित्रांपैकीं एकाकडे खेळासाठींच घेतलेला जाड लॅपटॉप आहे. तो सुरू झाला कीं शेजारीं पिठाची गिरणी लागल्यासारखें वाटतें. त्याच्याशीं तुलना करतां आमचें यंत्र फार सभ्य. परंतु गड बांधावयास घेतला आणि त्या सभ्यतेची किंमत दिसूं लागली. पहिलीं आठ-दहा मिनिटें सर्व कसें तेलावर चालल्यासारखें चाले. मग पडद्यावरील चित्र अडखळूं लागे. कळ दाबावी आणि हात पुढच्या श्वासाला हलावा, अशी अवस्था होई. ठोकळा एकीकडे ठेवावा तो दुसरीकडेच बसे. जिन्याचें खोदकाम म्हणजे नाजूक काम. एक ठोकळा चुकला कीं सारी पायरी बिघडते.

मुलें म्हणजे मुलें. पहिल्या आठवड्यांत तीं थांबलीं, दुसऱ्या आठवड्यांत "उद्यां येतों" म्हणूं लागलीं, आणि तो उद्यां तिसऱ्या दिवशीं उगवूं लागला. महिना संपण्याच्या आंत चौघांचे दोघे झाले, आणि त्या दोघांपैकीं एक नुसता आपला मोबाइल पाहत बसे. माझा भाऊ ह्याविषयीं एक शब्द बोलला नाहीं. मात्र ते गेले कीं तो भिंतीकडे तोंड करून झोंपल्याचें सोंग घेई. बाबांनीं हें पाहिलें, आणि एके रात्रीं ते हप्त्यावर खेळाचा नवा लॅपटॉप घेण्याची गोष्ट काढूं लागले. आईनें आंकडे मांडिले. त्या वर्षीं शस्त्रक्रियेचा खर्च आधींच डोक्यावर होता. मी म्हणालें, "मला पंधरा दिवस द्या."

विज्ञानाच्या तासाला उष्णतेचा धडा आम्ही सर्वांनीं वाचलेला असतो. तो येथें उपयोगीं पडतो हें मला त्या पंधरा दिवसांत पटलें. प्रोसेसर जितकी वीज घेतो ती जवळजवळ सारी शेवटीं उष्णताच होऊन बाहेर पडते. पंखा असलेल्या यंत्रांत ती उष्णता वाऱ्याबरोबर फेंकली जाते. पंखा नसलेल्या यंत्रांत ती धातूच्या पत्र्यांतून यंत्राच्या पाठीवर पसरते, आणि पाठीवरून आजूबाजूची हवा ती सावकाश उचलून नेते. जेवढी उचलली जाईल तेवढीच आंत निर्माण होऊं द्यावयाची, नाहीं तर आंतलें तापमान वाढत जाणार. तें ठराविक मर्यादेस पोंचलें कीं प्रोसेसर आपण होऊन आपला वेग कमी करतो. ह्यास थ्रॉटलिंग म्हणतात. तें बिघाड नव्हे, स्वतःस जाळून न घेण्याची ती व्यवस्था आहे. पहिलीं दहा मिनिटें यंत्र चपळ असतें तें ह्यासाठीं कीं, तोंवर त्याचें अंग थंड असतें आणि येणारी उष्णता तें अंगांतच जिरवीत असतें. २०२० सालीं अॅपल कंपनीनें एम-वन ही एकच चिप घातलेले दोन लॅपटॉप बाजारांत आणिले, त्यांपैकीं एकांत पंखा होता आणि एकांत नव्हता. आरंभीं दोघे खांद्यास खांदा लावून धांवत; काम लांबलें म्हणजे पंखेवाला पुढें निघे. आमचें यंत्र दुसऱ्या कंपनीचें, पण कथा तीच.

आतां ह्यांत कर्जतचा उन्हाळा मिसळा. यंत्राची पाठ हातास चटका बसेल इतकी तापूं देतां येत नाहीं. समजा मर्यादा ४५ अंशांची धरली. खोलींत २५ अंश असले तर पाठ आणि हवा ह्यांच्यांत २० अंशांचा फरक मिळतो; खोलींत ३८ अंश असले तर अवघा ७ अंशांचा. उष्णता वाहते ती ह्या फरकाच्या प्रमाणांत. म्हणजे स्थूलमानानें पाहतां, पहांटे जें यंत्र जेवढी उष्णता बाहेर टाकूं शकतें, त्याच्या सुमारें एक-तृतीयांशच दुपारीं तीन वाजतां टाकूं शकेल. लॅपटॉपबरोबर येणारीं माहितीपत्रकें आमच्यांत कोणी वाचीत नाहीं; पण अॅपलसारख्या कंपन्या तींत स्वच्छ लिहितात कीं, यंत्र १० ते ३५ अंशांच्या हवेंत वापरावें. आमच्या घराचें पत्र्याचें छप्पर तें पत्रक वाचीत नाहीं एवढेंच.

पंख्यावांचून थंड राहणारें एक यंत्र तर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशीं उभें असतें. ज्यास आपण डीपी म्हणतों त्या विजेच्या खांबावरील ट्रान्सफॉर्मरकडे कधीं नीट पाहिलें आहे काय? त्याच्या पोटांत तेल असतें, आणि बाजूंस पंखांसारखे पत्रे किंवा नळ्या काढिलेल्या असतात. तापलेलें तेल आपोआप वर चढतें, त्या नळ्यांतून खालीं येतां येतां निवतें, आणि पुन्हां आंत जातें. ना पंखा, ना पंप. खोपोलीस डोंगरावरच्या तळ्यांचें पाणी खालीं सोडून १९१५ सालापासून वीज निर्माण होत आली आहे. आमचा भाग विजेस नवखा नाहीं. त्या ट्रान्सफॉर्मरास पत्र्यांचा पसारा मिळाला म्हणून तो उन्हांत उभा राहूं शकतो. आमच्या पातळ यंत्रास पसारा नाहीं. सडपातळपणाचा हा दंड आहे. पसारा वाढवितां येत नसेल तर उष्णताच कमी निर्माण करावी, हा एकच मार्ग उरतो. आणि येथें मला माझ्या थोरल्या काकांची मदत झाली.

काका खोपोलीस राहतात. त्यांनीं बोरघाटांतून वीस-बावीस वर्षें मालाचा ट्रक चालविला. एका रविवारीं मी कर्जतहून लोकलनें पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीस गेलें होतें, तेव्हां बोलतां बोलतां यंत्राची तक्रार निघाली. काकांस लॅपटॉपांतलें कांहीं कळत नाहीं, आणि कळतें असा आवहि ते आणीत नाहींत. परंतु आधीं धांवतें आणि मग बसतें एवढें ऐकून ते हंसले.

"अगं, मग तो नव्या ड्रायव्हरासारखा चालतोय," ते म्हणाले. "घाट उतरताना नवा माणूस वरून गाडी सुसाट सोडतो आणि मग वळणावळणाला ब्रेक दाबतो. लायनर तापतात, धूर निघतो, आणि मग ब्रेक लागतच नाही. तुझ्या एक्स्प्रेसवेवर बघ, कडेला किती उभे असतात ते. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. वरूनच हळू निघायचं. खाली पोचायला तोच आधी पोचतो."

मी घरीं येऊन पहिल्यांदां एवढेंच केलें कीं, यंत्रास वरूनच हळू निघावयास लाविलें. माइनक्राफ्टमध्यें एफ ३ ही कळ दाबली असतां सेकंदास किती चित्रें निघतात तो आंकडा दिसतो. थंड यंत्रावर तो ७० च्या आसपास असे, आणि दहा-बारा मिनिटांनीं घसरत २० वर व कधीं १२ वर येई. खेळाच्या सेटिंगमध्यें ह्या चित्रांस कमाल मर्यादा घालतां येते. ती मीं ३० वर आणिली. भाऊ चिडला. "ताई, तूं आणखी हळू करतेस!" परंतु सेकंदास ३० चित्रें हा वेग असल्या खेळास वाईट नाहीं. डोळ्यांस जें खुपतें तें कमी वेगापेक्षां वेगाचें वरखालीं होणें. ७० वरून २० वर पडलेलें चित्र अडखळतें. ३० वर ठरलेलें चित्र अडखळत नाहीं. त्या दिवशीं तें पंचवीस मिनिटें ३० वर राहिलें, आणि मग घसरलें. म्हणजे दिशा बरोबर होती, पण भार अजून जास्त होता.

पुढचें काम हिशेबाचें. आमचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे प्रत्येक चित्रास २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवावयाचे. तोच १२८० गुणिले ७२० केला तर ९ लाख २१ हजार ६००, निम्म्याहूनहि कमी. ठोकळ्यांचें जग मुळांतच ओबडधोबड, त्यास बारीक ठिपक्यांची मातबरी काय? त्याहून मोठी बचत दृष्टीच्या पल्ल्यांत निघाली. हा खेळ आपल्या भोंवतालचें जग सोळा ठोकळे लांब-रुंद अशा चौकोनांनीं मांडीत असतो. पल्ला १६ ठेवला तर खेळाडूच्या प्रत्येक बाजूस १६ चौकोन, म्हणजे ३३ गुणिले ३३, एकूण १,०८९ चौकोन यंत्रास सांभाळावे लागतात. पल्ला ८ केला तर १७ गुणिले १७, म्हणजे २८९. पल्ला निम्मा, पण ओझें चौथाईच्या थोडेंसें वर. पाढे पाठ करण्याचा कंटाळा असणाऱ्या माझ्या भावानें हा गुणाकार दोनदां करून पाहिला, हा त्या उन्हाळ्यांतला एक चमत्कार होय. पल्ला कमी केल्यानें दूरचे डोंगर धुक्यांत जात. त्यावर तोच म्हणाला, "जाऊं देत, पावसांत गडावर असंच दिसतं." ढग, हलकी सांवली, उडणारे कण हे अलंकारहि काढून टाकिले.

मग यंत्राची स्वतःचीच एक खोड मोडावी लागली. इंटेलच्या प्रोसेसरास काम पडतांच थोडा वेळ नेहमींच्या वेगापलीकडे उडी मारण्याची सवय असते. तीस टर्बो म्हणतात. पत्रक उघडावयाचें असेल तर ती उत्तम, कारण काम सेकंदांत संपतें. तासभर चालणाऱ्या खेळांत मात्र ती उडी म्हणजे काकांच्या नव्या ड्रायव्हराची सुसाट गाडीच. विंडोजच्या वीजविषयक सेटिंगमध्यें प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणिली असतां आमच्या यंत्रांत ही उडी बंद झाली. एक टक्का काढून घेतल्यानें एवढा फरक पडावा ह्याचें बाबांस फार नवल वाटलें, आणि ते दोन दिवस ही गोष्ट दुकानांत सांगत होते. खेळ संपला कीं मी मर्यादा पुन्हां १०० वर नेत असें, कारण आईचे हिशेब झटपट उघडलेलेच बरे. त्याखेरीज ब्राउझरचीं उघडीं राहिलेलीं पंधरा-वीस पानें मिटविणें, आणि अपडेट व व्हायरस तपासणी ह्यांची वेळ रात्रीची ठरविणें, हीं कामें कोणासहि सुचतील अशींच आहेत.

एक गोष्ट मात्र सहज सुचणारी नव्हती. सर्व मित्र एकाच जगांत बांधीत, आणि तें जग माझा भाऊ आपल्या यंत्रावरून घरच्या वायफायवर खुलें करी. म्हणजे आमच्या बिचाऱ्या पातळ यंत्रास स्वतःचें चित्र काढून शिवाय सर्वांच्या जगाचा कारभारहि पाहावा लागे. त्याऐवजीं गिरणीवाल्या मित्रानें आपल्या जाड लॅपटॉपवर तें जग उघडावें आणि आम्हीं पाहुण्यासारखें त्यांत जावें, असें ठरविलें. त्या लॅपटॉपचा चार्जरच विटेएवढा. त्यास ह्या भाराचें कांहीं वाटलें नाहीं. आणखी एक फळ असें मिळालें कीं, जग आतां मित्राकडे असल्यामुळें तो न आला तर कोणासच बांधतां येईना. म्हणून तो रोज येऊं लागला. हें मीं योजिलें होतें असें मी म्हणत नाहीं, पण मला तें ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं.

जागा आणि वेळ ह्यांचा प्रश्न उरला. आजारी मुलगा म्हटला कीं लॅपटॉप गोधडीवर ठेवला जाणार. आणि गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपचें पोट झांकलें गेलें म्हणजे उष्णता टाकण्याची अर्धी जागा बुजली. देवघरांतला जुना चौरंग आजीकडून मागून घेतला, तो खाटेच्या कडेस लाविला, आणि यंत्राच्या मागच्या पायांखालीं बाटल्यांचीं दोन बुचें ठेविलीं. बोटभर पोकळी झाली, तींतून हवा खेळूं लागली. बाजूनें टेबलफॅन लाविला. यंत्राच्या पोटांत पंखा नसला तरी पाठीवरून वारा जाऊं देण्यास कोणाची मनाई नाहीं, आणि माझ्या मतें सर्व बाह्य उपायांत हा एकटाच खऱ्या फायद्याचा आहे. शेजारच्या एका काकूंनीं बर्फाची पिशवी खालीं ठेवण्याची सूचना केली. दुसऱ्या कोणी यंत्र पांच मिनिटें फ्रीजमध्यें ठेवा असें सांगितलें. हे दोन्ही उपाय कोणीं करूं नयेत. मे महिन्यांत थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून पाणी सुटतें तें सर्वांनीं पाहिलें आहे. तेंच पाणी यंत्राच्या आंत सुटलें तर खेळहि गेला आणि दोन बचत गटांचे हिशेबहि गेले. ॲल्युमिनियमच्या परातींत यंत्र ठेवून पाहिलें, त्यानें विशेष कांहीं साधलें नाहीं. यंत्राचे रबरी पाय त्यास परातीपासून वर धरतात, आणि स्पर्शच नसेल तर धातू उष्णता ओढणार कशी?

चार्जिंग करतांनाहि बॅटरी थोडी तापते, म्हणून यंत्र आधीं चार्ज करून मग खेळावें असा नियम केला. उष्णतेनें ह्या बॅटऱ्यांचें आयुष्य घटतें, ही गोष्ट आईस सांगितल्यावर ती त्या नियमाची पोलीसच झाली.

आणि वेळ. वर सांगितलेल्या २५ व ३८ अंशांच्या हिशेबानें वेळेचें महत्त्व सर्वांत अधिक ठरत होतें, परंतु मुलांस पहांटे उठवावयाचें कोणीं? एप्रिलच्या मध्यास परीक्षा संपल्या, सुटी लागली, आणि मीं भावाच्या मित्रांपुढें प्रस्ताव मांडला कीं, गडाचें काम सकाळीं सहा ते साडेसात चालेल, दुपारीं यंत्र बंद. ते हंसतील असें वाटलें होतें. परंतु आजीनें पहिल्या दिवशीं चौघांना तांदळाच्या भाकरी आणि चहा दिला, आणि पुढें बोलावणें धाडावें लागलें नाहीं. सकाळच्या त्या दीड तासांत एफ ३ चा आंकडा ३० वरून हलत नसे. वीज गेली तर टेबलफॅन बंद पडे, आणि मग अर्ध्या तासानें चित्र थोडें जड होई. तेवढ्यापुरते ते हात आंखडून गप्पा मारीत. त्या गप्पांत कधीं कधीं दोन तास जात.

बाबांनीं हप्त्याची गोष्ट पुन्हां काढिली नाहीं. मात्र ज्यांस बंदुका घेऊन धांवण्याचे मोठमोठे खेळ खेळावयाचे असतील त्यांनीं पातळ यंत्राकडून ती अपेक्षा करूं नये. तसल्या खेळांत एक डोळ्याचें पातें लवतांच हार होते, आणि तेथें ३० चित्रांवर कोणी समाधान मानणार नाहीं. शेती, बांधकाम, बुद्धिबळ, कॅरम असे निवांत खेळ मात्र ह्या यंत्रावर छान चालतात. एकच अट, त्यांस पहिल्या मिनिटास तेवढ्याच वेगानें चालवावें जेवढ्या वेगानें तीं शेवटच्या मिनिटासहि चालूं शकतील.

जून महिन्यांत पाऊस आला. उल्हासचें पाणी चढलें, हवा निवली, आणि आमचें यंत्र असें कांहीं चालूं लागलें कीं पल्ला ८ वरून १२ वर नेला तरी तें कुरकुरेना. पण तोंवर माझ्या भावास कुबड्या घेऊन अंगणांत जाण्याची मोकळीक मिळाली होती, आणि यंत्राकडे पाहण्यास त्यास सवड नव्हती. गुहेचे खांब पुरे झाले होते, आजीच्या आग्रहावरून भैरोबाची जागाहि झाली होती, आणि जिना सुळक्याच्या पोटांतून माथ्यापर्यंत पोंचला होता. पायऱ्यांच्या संख्येवरून मात्र पांच जणांत अजून एकमत नाहीं. चौघे म्हणतात छायाचित्रांत मोजल्या त्या बरोबर. माझा भाऊ म्हणतो कीं, वळणावरची एक पायरी अंधारामुळें छायाचित्रांत आलेलीच नाहीं, नाहीं तर त्याच्या गणितानें जिना एक ठोकळा खालींच संपतो. ह्या हिंवाळ्यांत डॉक्टरांनीं चढावयास परवानगी दिली आहे. मार्गशीर्षांत सगळे आंबिवलीस जाणार आहेत, आणि पायऱ्या हातानें चांचपून मोजावयाच्या असें ठरलें आहे.